वर्गणीदार आणि वाचक : ‘दीनमित्रा’च्या निमित्ताने काही विचार

नियतकालिकांच्या इतिहासाचे लेखन करताना आपल्याकडील अभ्यासक बहुधा एका आकड्यापाशी येऊन थांबतात. अमुक पत्राचे वर्गणीदार किती होते, हा तो आकडा होय. तो मोठा असेल तर पत्र प्रभावी, लहान असेल तर पत्र उपेक्षित, असा निष्कर्ष जणू आपोआप निघतो. हा निष्कर्ष मराठीच्या बाबतीत, आणि विशेषतः ग्रामीण पत्रांच्या बाबतीत, कितपत ग्राह्य मानावा याविषयी प्रस्तुत लेखकास शंका आहे. ती येथे एका उदाहरणाच्या आधारे मांडावयाची आहे.

नेवासे तालुक्याचे नाव मराठीच्या विद्यार्थ्याला ज्ञानेश्वरीमुळे परिचित असते. त्याच तालुक्यातील तरवडी हे गाव मात्र फारसे कोणी ओळखत नाही. मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली सुरू केलेले ‘दीनमित्र’ हे सत्यशोधक विचारांचे साप्ताहिक प्रथम सोमठाण्याहून व नंतर या तरवडीहून निघत असे, आणि ते १९६७ पर्यंत, म्हणजे मुकुंदरावांच्या निधनापर्यंत, चालले. याच नावाचे मासिक पूर्वी १८८८ मध्ये गणपतराव पाटील यांनी काढले होते. मुकुंदराव हे त्यांचे दत्तकपुत्र आणि ‘दीनबंधू’चे संस्थापक कृष्णराव भालेकर यांचे औरसपुत्र. वृत्तपत्राचा वारसा त्यांना असा दोन्ही घरांकडून आला होता. तो वारसा सुखाचा नव्हता. भालेकरांनी १८७७ च्या आरंभी पुण्यात काढलेला ‘दीनबंधू’ तीन वर्षांत आर्थिक ओझ्याखाली वाकला, आणि १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईस नेला तेव्हाच सावरला. ज्या पत्राला पुण्यात आधार मिळेना, त्याचा वंशज नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात सत्तावन वर्षे कसा टिकला, हा साधा परंतु कोणी फारसा न विचारलेला प्रश्न आहे.

याच जिल्ह्यात त्याआधी एक वेगळा प्रयोग झालेला होता. अमेरिकन मिशनचा ‘ज्ञानोदय’ जून १८४२ मध्ये अहमदनगर येथेच निघाला. त्याच्यामागे मिशनच्या शाळा होत्या, मंडळ्या होत्या, छापखाना होता. पत्राला वाचक शोधावा लागला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल, पण संस्थेची आयती चौकट त्याला लाभली, हे खरे. मुकुंदरावांपाशी अशी चौकट नव्हती. सत्यशोधक समाजाची पहिली परिषद पुण्यास भरली ती १९११ साली, म्हणजे ‘दीनमित्र’ निघाल्यावर. समाजाचे जाळे विणण्याचे काम बऱ्याच अंशी या पत्रालाच करावयाचे होते.

येथे थोडा भाषेचा विचार केला पाहिजे, कारण माझ्या मते प्रश्नाचे अर्धे उत्तर शब्दातच आहे. ‘वर्गणी’ हा शब्द मराठीने वृत्तपत्रासाठी घडविलेला नाही. गावच्या देवळाची डागडुजी, जत्रा, उत्सव, सप्ताह यांसाठी घरटी जो वाटा उचलावयाचा तो वर्गणी. वृत्तपत्रे आली तेव्हा त्यांच्या मोबदल्यास ‘किंमत’ न म्हणता वर्गणी म्हणण्याचा प्रघात पडला. किंमत देणारा वस्तू घेऊन मोकळा होतो. वर्गणी देणारा एका सामायिक कामात सामील होतो. म्हणूनच वर्गणी ‘थकते’, ‘बुडते’, ‘जमविली जाते’. ही सर्व क्रियापदे देणेघेण्याच्या सामाजिक संबंधातली आहेत. दुकानात ती शोभणार नाहीत. आणि देवळाच्या वर्गणीत घरचा एक जण पैसे देतो, दर्शनाला मात्र सारे घर जाते. खेड्यातल्या पत्राचेही तसेच होते. ज्या काळी दहा माणसांत एकालाही धड अक्षरओळख नव्हती, त्या काळी एका अंकाचा एक वाचक ही कल्पनाच अवास्तव ठरते. अंक एकाच्या नावे येई. तो वाचून दाखविला जाई तो अनेकांना.

मुकुंदरावांच्या लेखनाची घडण या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्यांचे ‘कुलकर्णी लीलामृत’ (१९१३) ओवीबद्ध आहे. वतनदार कुलकर्ण्याच्या दप्तरातील कारवायांवर प्रहार करण्यासाठी त्यांनी पोथीचा साचा निवडला, याकडे आपण केवळ विडंबन म्हणून पाहतो. परंतु पोथी ही मराठी खेड्यात एकाने वाचावयाची आणि मंडळींनी ऐकावयाची वस्तू आहे. ज्याला आपला श्रोता माहीत आहे त्याने केलेली ही निवड होय. या उपहासाला एकसुरीपणा येतो, कुलकर्ण्याचे पात्र कित्येकदा माणूस न राहता केवळ खलप्रतिमा बनते, आणि प्रौढ वाङ्मयाच्या कसोटीवर हे दोष ठरतात, हे मी नाकारीत नाही. मात्र ऐकणाऱ्यांच्या मंडळीत ज्या स्पष्ट रेषा लागतात त्या एकांतातील वाचनाला भडक वाटणारच. ज्या कसोटीने आपण हे लेखन बाजूला सारले ती कसोटी एकट्याने, मनाशी वाचणाऱ्या नागर वाचकाची आहे.

वर्गणीचा तगादा हा मराठी गद्याचा एक दुर्लक्षित प्रकार आहे. मनिऑर्डरीची सोय १८८० मध्ये झाली, व्ही. पी.चीही रूढ झाली, पण परत आलेल्या व्ही. पी.चे दुःख संपादकालाच ठाऊक. या प्रकारातील सर्वश्रेष्ठ लेख माझ्या मते ‘बहिष्कृत भारता’तील ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ हा होय. डॉ. आंबेडकरांचा ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला होता. त्याची पैसे देऊन जाहिरात छापण्यासही ‘केसरी’ने नकार दिला, असे त्यांनीच नोंदविले आहे. नव्या पत्राची वार्ता लोकांस कळावयाची तर ती जुन्या पत्रातूनच, आणि ती वाट बंद. ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेला ‘बहिष्कृत भारत’ही १९२९ च्या अखेरीस बंद पडला. त्या लेखाच्या शीर्षकातील ‘ऋण’ हा शब्द पाहा. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही परंपरेची भाषा. तिच्याशेजारी ‘लौकिक’ हे विशेषण ठेवून वर्गणीचा हिशेब एकदम नैतिक पातळीवर नेला आहे, आणि तोही प्रश्नार्थक वाक्यात, म्हणजे उत्तर देण्याचे काम वाचकावर सोपवून. येथे आर्जव नाही, मेहेरबानीची भाषा नाही.

या पार्श्वभूमीवर आजची भाषा तपासून पाहावी. ई-मेलने घरोघर वार्तापत्र धाडणारे लेखक आज मराठीतही बरेच झाले आहेत, आणि त्यांच्या तोंडी सतत ‘यादी वाढविणे’ हा प्रयोग असतो. ‘वर्गणीदार होणे’ या प्रयोगात वाचक कर्ता आहे, क्रिया त्याची आहे. ‘यादी वाढविणे’ यात कर्ता लेखक, कर्म यादी, आणि वाचकाला वाक्यात जागाच उरलेली नाही. व्याकरणातील फरकावरून मनोवृत्तीचे निदान करणे धोक्याचे असते, हे विद्यार्थ्यांना मीच बजावीत असतो. तरीही हा फरक मला निरर्थक वाटत नाही. पैसे घेतले जात नाहीत म्हणून वर्गणी गेली, हे समजण्यासारखे आहे. वर्गणीबरोबर सामील होण्याचा अर्थही गेला, हा तोटा मात्र कोणाच्या हिशेबात येत नाही.

हे दुसऱ्यांविषयी लिहिणे सोपे आहे. मी ज्या एका पत्रिकेच्या कामात आहे, तिच्यासाठी प्रवेशअर्जांवरील साऱ्या विद्यार्थ्यांचे पत्ते परस्पर यादीत घालावेत अशी सूचना मध्यंतरी आली, आणि मी तिला संमती दिली. यादी एका दिवसात कितीतरी पटींनी फुगली. संपादकास येणारी पत्रे पूर्वीइतकीच राहिली, आणि तीही जुन्याच मंडळींची. एका विद्यार्थिनीने तेवढे विचारले, ‘सर, हे मला कोणी पाठवायला सांगितलं?’ तिचा प्रश्न उद्धट नव्हता. माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढील सत्रापासून नाव स्वतः कळविणाऱ्यासच अंक पाठवावा, असा ठराव मी मांडला आहे. त्यावर विभागात मतभेद आहेत, कारण आकडा घटला की वार्षिक अहवालात तो दिसतो.

‘दीनमित्रा’च्या अभ्यासकाने म्हणून वर्गणीदारांच्या आकड्यामागे न लागता दुसरी साधने शोधावीत. वाचकांचा पत्रव्यवहार, गावोगावच्या सभांची व विवाहविधींची वृत्ते, अंकाखाली येणारी गावांची नावे यांवरून पत्र कोठवर पोचत होते याचा नकाशा काढता येईल. नेवासे, शेवगाव, पाथर्डी या तालुक्यांतील जुन्या घरांतून अंक वाचून दाखविल्याच्या आठवणी ऐकलेली पिढी आता थकली आहे. क्षेत्रीय कामाला निघणाऱ्या विद्यार्थ्यांनी आरंभ तेथून करावा.