दलाल, दीनानाथ

(३० मे १९१६–१५ जानेवारी १९७१). मराठी ग्रंथ व नियतकालिके यांच्या सजावटीला स्वतंत्र कलामूल्य प्राप्त करून देणारे लोकप्रिय चित्रकार. जन्म गोव्यात. मुंबईच्या केतकर कलासंस्थेत शिक्षण घेऊन त्यांनी जी. डी. आर्ट ही पदविका मिळविली व पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढला. मुखपृष्ठे, कथाचित्रे, दिनदर्शिका, जाहिराती, व्यंगचित्रे अशा विविध प्रकारांत त्यांनी विपुल निर्मिती केली. १९४५ मध्ये त्यांनी ‘दीपावली’ हे वार्षिक सुरू केले. बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘राजा शिवछत्रपति’ या ग्रंथातील चित्रे, शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’ (१९६७) या कादंबरीचे मुखपृष्ठ आणि नायिकाभेदांवर आधारलेली ‘शृंगारनायिका’ ही चित्रमाला त्यांच्या उल्लेखनीय कृती होत.

दलालांच्या शैलीचे मर्म रेषेत आहे. मानेचा कल, पदराची चुणी, बोटांची मुद्रा यांपैकी एखाद्याच तपशिलातून ते व्यक्तीचा भाव सुचवितात. बाकीचा भाग रंगाच्या सपाट पटलावर सोडून देतात. या रेषेचे नाते अजिंठ्याची भित्तिचित्रे व राजस्थानी-पहाडी लघुचित्रे यांच्याशी पोहोचते. परंतु वेशभूषा, चेहरे व वातावरण मराठी घरातले असते. त्यामुळे त्यांचे चित्र परंपरेतले असूनही पाहणाऱ्याला परके वाटत नाही.

हा साधेपणा केवळ अभिरुचीचा नव्हे, तर व्यवसायाच्या शिस्तीचाही परिणाम होय. तत्कालीन ठसेछपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा, म्हणजेच ब्लॉक, करावा लागे आणि प्रत्येक रंगागणिक खर्च वाढे. मुखपृष्ठासाठी दोन-तीन रंगच हाती असत; कागदाचा कोरा भागही रंगासारखा वापरावा लागे. या मर्यादेतच दलालांनी मोजक्या रंगांचा ठसठशीत मेळ साधला. त्यांचे समकालीन रघुवीर मुळगावकर (१९१८–७६) यांच्या देवदेवतांच्या चित्रांत छायाप्रकाशाची मुलायम झळाळी व अलंकरणाचा सोस दिसतो. दलाल मात्र अनावश्यक ते वगळण्याकडे झुकतात. मुळगावकरांचे चित्र डोळे दिपविते, तर दलालांचे चित्र रेषेच्या लयीने मन वेधते.

या चित्रांवर घेतला जाणारा आक्षेप विचारार्ह आहे. त्यांच्या स्त्रिया बहुधा एकाच साच्यातल्या, सडपातळ, दीर्घनेत्रा व प्रसन्न असतात. कष्ट, दारिद्र्य वा वार्धक्य यांचा स्पर्श या सौंदर्याला क्वचितच होतो. मागणीनुसार केलेल्या विपुल निर्मितीत पुनरुक्तीही आली. तथापि लोकप्रियता हाच दोष मानून त्यांना ‘कॅलेंडरचे चित्रकार’ म्हणून बाजूला सारणे न्याय्य नाही. पाश्चात्त्य देशांत १९५०–६० च्या सुमारास उदयास आलेल्या पॉप कलेने छापील जाहिरात व चित्रकथा यांना कलादालनात नेले. अँडी वॉरहॉल यांनी १९६२ मध्ये सूपच्या डब्यांची चित्रे मांडली, तेव्हा बाजारातील प्रतिमा कलेचा विषय ठरली. दलालांचा प्रवास याच्या उलट दिशेचा होता. कलाशाळेत कमावलेली रेषा त्यांनी बाजारातील छापील पानावर आणली. पॉप कलेत बहुजनांच्या प्रतिमेकडे पाहण्याची उपरोधिक दृष्टी आढळते. दलालांच्या चित्रांत वाचकाविषयी सरळ आपुलकी आहे.

या दिशेचे सामाजिक महत्त्व मोठे आहे. मुंबईत जहांगीर कलादालन १९५२ मध्ये सुरू झाले. परंतु बीड, अंबाजोगाई यांसारख्या दूरच्या गावांतील वाचकाला चांगले रंगीत चित्र पाहण्याची संधी मुख्यतः ग्रंथालयातील मुखपृष्ठ, दिवाळी अंक आणि भिंतीवरची दिनदर्शिका यांतूनच मिळे. तेथे दलालांचे चित्र हेच अनेकांचे पहिले कलाशिक्षण ठरले.

दलालांच्या चित्रांचे आकर्षण टिकून राहिले, ते केवळ स्मरणरंजनामुळे नव्हे. रंग विटला, कागद पिवळा पडला, तरी रेषेचा तोल ढळत नाही. मात्र छापील पान अल्पायुषी असते. जुने अंक रद्दीत जातात आणि नव्या आवृत्तीबरोबर मुखपृष्ठही बदलते. सर्वांच्या घरी पोहोचलेली ही कला जतनाअभावी सर्वांच्याच घरातून नाहीशी होण्याचा धोका आहे. म्हणून ग्रंथालयांनी जुन्या ग्रंथांची व अंकांची मुखपृष्ठे फाडून न टाकता मजकुराइतक्याच काळजीने जपणे अगत्याचे आहे.