बापूला काय म्हणायचं?

विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ मी दर काही वर्षांनी पुन्हा वाचतो आणि दर वेळी मित्रापेक्षा बापूपाशी अडतो. नाटक १९८१ सालचं, त्यातला काळ मात्र स्वातंत्र्याआधीचा. कॉलेजात शिकणारी सुमित्रा देव, तिचं नमावरचं प्रेम, आणि ही हकिगत आपल्याला सांगणारा बुजरा बापू. गौरी रामनारायण यांच्या इंग्रजी अनुवादामुळे ते मराठीबाहेरही वाचलं जातं.

बंगळुरूला मित्रांच्या एका बैठकीत या नाटकावर बोलणं निघालं. एक तरुण कन्नड वाचक म्हणाला, “मन्या दळवी गुंडच आहे, त्याचं सोडा. खरा बिगट बापू.” मग त्याने विचारलं, “मराठीत याला काय म्हणता?” मी चाचपडलो. धर्मांध? इथे धर्माचा प्रश्नच नाही. सोवळा? बापू तसाही नाही. द्वेष्टा? छे, त्याचा तर तिच्यावर जीव आहे. पूर्वग्रहदूषित हा शब्द अग्रलेखात शोभतो, माणसाला चिकटत नाही.

शब्द सापडला नाही, याचं मला पुढे बरंच वाटलं. समलिंगी प्रेम नैतिकदृष्ट्या गैर मानणाऱ्या प्रत्येकाला एकच शिक्का मारला, तर तेंडुलकरांनी मन्या आणि बापू अशी दोन वेगळी माणसं लिहिली कशाला? मन्या धमकावतो. बापू तिचं गुपित सांभाळतो, तिच्यासाठी धावपळ करतो, आणि शेवटी तोही पाठ फिरवतो. मित्रा जीव देते. दोघांच्या वागण्यात जमीनअस्मानाचा फरक आहे, पण मित्राच्या बाजूने पाहिलं तर तो फरक तिला वाचवत नाही. या नाटकाचं सगळं दुखणं मला इथेच दिसतं.

शिक्क्याची मला भीती वाटते, त्याला कारण आहे. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर १९३४ साली खटला झाला, तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. त्यात समलिंगी संबंधांचाही विषय होता. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. ‘अश्लील’ हा एक शब्द उच्चारला की पुढे युक्तिवादाची गरज उरत नव्हती. आता आपण दुसऱ्या बाजूने तेच करणार का?

पण याच्या उलटही तितकंच खरं आहे. ‘हे माझं नैतिक मत आहे’ असं म्हटलं की आपोआप सभ्यता लाभते, हे मला मान्य नाही. मत असेल तर त्याला कारण द्यावं लागतं, आणि ते कारण स्वतःलाही लावावं लागतं. गांधीजींनी ब्रह्मचर्याचा आग्रह धरला, तेव्हा तो आधी स्वतःवर लादला आणि विवाहितांनाही त्यातून सूट दिली नाही. त्या आग्रहाशी मी कडाडून भांडेन, पण त्याला द्वेष म्हणणार नाही. स्वतःच्या लग्नाचे, मुलाबाळांचे सोहळे करायचे आणि दुसऱ्याच्या प्रेमालाच तेवढी ‘निसर्गविरुद्ध’ म्हणून आडकाठी करायची, ही निराळी गोष्ट. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सामाजिक नैतिकतेपेक्षा संवैधानिक नैतिकता मोठी ठरवली. तुरुंगाचा प्रश्न त्याने सुटला. घरातल्या माणसाला काय म्हणायचं, हे न्यायालय सांगत नाही.

माझ्या इंदूरच्या मावशीला मी हे नाटक वाचायला दिलं होतं. परत करताना ती म्हणाली, “पोरगी चुकलीच. पण तिला मारायला नको होतं रे त्यांनी.” ‘त्यांनी’ म्हणजे तेंडुलकरांनी. मित्राचा असा शेवट करून नाटककारानेच तिला शिक्षा केली, हा आक्षेप मी समीक्षेतही वाचला आहे, पण इतक्या थोडक्यात नाही. त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग मला पटत नाही. दुसरा अर्धा भाग बोलणाऱ्या बाईला मी कुठला शिक्का मारू?

तरी एक गोष्ट सांगायलाच हवी. मावशीच्या वाड्यात एक मुलगा भाड्याने राहायचा. त्याच्या खोलीवर येणाऱ्या मित्रावरून कुजबुज झाली आणि मालकाने आठवड्याची मुदत दिली. मावशीने त्याला आठही दिवस डबा पाठवला. मालकाशी तिचं रोजचं बोलणं होतं, शब्दाला वजनही होतं. एका शब्दाने ती त्याला काही बोलली नाही.

मी तिला याबद्दल एकदाच विचारलं. “मला ते पटत नव्हतं ना,” ती म्हणाली. मी विचारलं, “मुलाचं वागणं, की त्याला काढणं?” ती डाळ निवडत होती. सूप खाली ठेवून तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “दोन्ही.”

बंगळुरूच्या मित्राला मी हे कळवलं. त्याचं उत्तर आलं, “मग बापूच की ती.” मी अजून त्याला होही म्हटलेलं नाही आणि नाहीही.