रान, आजोबा आणि अक्षर
वयात येणाऱ्या मुलाच्या वनकथेचे स्वरूप : एक विचार

वयात येणारे मूल, त्याला वळण लावणारा एक वृद्ध आणि या दोघांभोवती पसरलेले रान, या त्रयीवर उभ्या राहणाऱ्या कादंबरीचा एक स्वतंत्र प्रकार पाश्चात्त्य वाङ्मयात रूढ झालेला आहे. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या १९३८ च्या कादंबरीचा राम पटवर्धन यांनी ‘पाडस’ या नावाने केलेला अनुवाद मराठी वाचकाला सुपरिचित आहे. तेथे वृद्धाच्या जागी पिता आहे. परंतु रानाच्या सान्निध्यात बाल्य संपते कसे, हा मूळ प्रश्न तोच आहे. या प्रकाराची चर्चा करताना आपल्याकडे सामान्यतः निसर्गवर्णनाच्या सौंदर्याकडे लक्ष दिले जाते. प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे ते निराळे. या कथाप्रकाराचा प्राण वर्णनात नसून एका देवघेवीत आहे. वृद्ध मुलाला रान देतो आणि मूल वृद्धाला अक्षर देते. ही देवघेव ज्या कृतीत खरी उतरते ती कृती टिकते. जेथे ती एकतर्फी राहते तेथे रान हा केवळ पडदा उरतो. मुलीची कथा या दृष्टीने तपासली म्हणजे आपल्या परंपरेतील एक मोठी रिकामी जागा दृष्टीस पडते.

या देवघेवीचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे योहाना स्पीरी या स्विस लेखिकेची ‘हायडी’ ही १८८०-८१ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झालेली कथा. हायडी वयाने किशोरी नव्हे, ती लहान मुलगी आहे. परंतु आजोबा आणि नात यांच्या वनकथेचा साचा तिच्यापासूनच ओळखला जातो. गावाशी वैर धरून डोंगरावर एकटा राहणारा म्हातारा आपल्या पोरक्या नातीला कुरण, शेळ्या आणि वारा यांची ओळख करून देतो. पुढे फ्रांकफुर्ट शहरात ती वाचावयास शिकते, डोंगराच्या ओढीने आजारी पडते आणि परत येते. परतताना ती जी वस्तू बरोबर आणते ती म्हणजे वाचन. शेळ्या राखणाऱ्या पेटरच्या अंध आजीला ती वाचून दाखविते; तिच्या वाचनानेच आजोबांच्या मनातील गाठ सुटते व ते गावात परततात. आजोबांनी दिलेल्या रानाची परतफेड नातीने अक्षराने केली, असा या कथेचा अर्थ लावता येतो. पुस्तकातील भाविक बोधाचा भाग आज कोणाला जड वाटेल; परंतु रचनेचा तोल निर्दोष आहे.

आपल्या परंपरेत याला समांतर असे पहिले चित्र ‘अभिज्ञानशाकुंतला’त सापडते. तपोवन आहे, वृद्ध पालक कण्व आहे आणि यौवनात पदार्पण करणारी शकुंतला आहे. झाडांना पाणी घालण्यापूर्वी स्वतः पाणी न पिणारी ही मुलगी रानाची खरी जाणकार आहे. तथापि चौथ्या अंकात कण्व तिला जो उपदेश करतो तो सासरी कसे वागावे याचा. तपोवनाचे ज्ञान तेथे तिच्या उपयोगाचे ठरत नाही. तिने वाढविलेले हरिणाचे पाडस तिचे वस्त्र ओढते, झाडे तिला लेणी देतात, आणि रानाचा तिच्याशी असलेला संबंध निरोपापाशी येऊन थांबतो. सातव्या अंकात मारीच ऋषींच्या आश्रमात सिंहाच्या छाव्याशी खेळताना दिसतो तो तिचा मुलगा. म्हणजे रानात वाढण्याचे फळ मुलाच्या पदरात पडते. मुलीच्या वाट्याला रान सोडण्याचे करुण सौंदर्य येते. कालिदासाच्या प्रतिभेला यात उणेपणा येत नाही. परंतु मुलीची वनकथा विदाईत संपविण्याची सवय आपल्या रसिकतेला जडली असेल, तर तिचे मूळ येथे शोधावे लागेल.

आधुनिक मराठीत ही देवघेव सर्वांत समर्थपणे घडते ती व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५). औंध संस्थानातील माणदेशी माळावरची ही धनगरांची वस्ती. शाळामास्तर म्हणून येणारा राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा कोवळा तरुण आणि वस्तीचा वृद्ध कारभारी यांच्यात रक्ताचे नाते नाही. तरीही आजा-नातवाच्या नात्याचे सर्व गुण त्यात उतरलेले आहेत. कारभाऱ्याने मनावर घेतल्यावाचून शाळेत पोरे येत नाहीत, म्हणजे अक्षराला माळावर प्रवेश मिळतो तो वृद्धाच्या अनुज्ञेने. उलट मास्तर वस्तीची पत्रे लिहितो, तिच्या अडचणी निवारतो आणि माणसांच्या सहकार्याने तालीम उभी करतो. माळ, मेंढरे, पाऊस आणि भूक यांचे शहाणपण त्याला पुस्तकातून मिळाले नसते. शेवटी दुष्काळ येतो, कारभारी मरण पावतो, वस्ती उठते आणि मास्तरालाही निघावे लागते. वाढण्याची किंमत म्हणून तो वस्ती गमावतो. लेखकाने हा आशय कोठेही उच्चारलेला नाही, हे या कृतीचे मोठे बळ होय.

परंतु याच कादंबरीतील अंजी पाहावी. ती कारभाऱ्याची लेक. माळाची ओळख तिला मास्तरापेक्षा किती तरी अधिक आहे. मास्तराशी तिचे बोलणे मात्र कारभाऱ्याच्या संशयाचा विषय होते. देवघेवीचे दोन्ही पक्ष, वृद्ध आणि अक्षर, तिच्या घरात आणि दारात उभे असूनही ती त्यांच्या बाहेर राहते. माडगूळकरांनी हे वास्तव प्रामाणिकपणे टिपले आहे. दोष त्यांचा नाही. पण अंजीच्या बाजूने सांगितलेली ‘बनगरवाडी’ कशी झाली असती, हा प्रश्न समीक्षकाने विचारावयास हवा.

लातूर तालुक्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) हे आत्मकथन या चर्चेत अनपेक्षित वाटेल. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेले हे पुस्तक कादंबरी नव्हे आणि वनकथा तर नव्हेच. तरीही आपला कथाप्रकार कोणत्या गृहीतावर उभा आहे हे त्याच्याइतके स्पष्ट दुसरे पुस्तक करून देत नाही. हायडीचा आजोबा गावावर रुसून डोंगरावर जाऊ शकतो, कारण त्याला जाण्याचे स्वातंत्र्य आहे. ‘उचल्या’तील आजोबा लिंगप्पा यांना पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागते. ब्रिटिश अमलातील १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरविले, आणि ज्यांच्यावरील तो कायदा १९५२ मध्ये रद्द होऊनही शिक्का पुसला गेला नाही, अशा जमातींतील हा वृद्ध. अशा आजोबाजवळ नातवाला देण्यासारखे रान नसते. असते ते नाव आणि त्या नावाबरोबर येणारा संशय. म्हणून येथे अक्षर हे परतफेडीचे साधन होत नाही. वडील मार्तंड मुलाला शाळेत घालतात ते वारसा तोडण्यासाठी. तथापि पुढे त्याच अक्षरांनी नातू आजोबाची हकीकत लिहितो, तेव्हा तुटलेली देवघेव वेगळ्या मार्गाने पूर्ण होते.

आता आपल्या परिसराकडे वळू. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेस किनवट-माहूरचा डोंगराळ, सागवानी प्रदेश आहे. तेथे कोलाम, गोंड, आंध यांची गावे आणि बंजारांचे तांडे आहेत. या रानात आजोबा आणि नात यांची देवघेव कल्पनेने रचण्याची आवश्यकता नाही. कायद्यानेच ती घडवून आणली आहे. २००६ च्या वनहक्क अधिनियमाखाली १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा कब्जा दाखवावा लागतो. जे अनुसूचित जमातीत मोडत नाहीत त्यांना त्याआधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, निवास सिद्ध करावा लागतो. बंजारांची स्थिती येथे विलक्षण आहे : सीमेपलीकडे तेलंगणात ते अनुसूचित जमातीत गणले जातात, अलीकडे महाराष्ट्रात भटक्या-विमुक्तांत. आणि या अधिनियमाच्या नियमांनुसार दावेदाराखेरीज अन्य वृद्धांचे कथन, लेखी उतरविले असता, पुरावा म्हणून ग्राह्य धरता येते. ओढा कोठून वळत असे, मोहाचे कोणते झाड कोणाच्या वहिवाटीत होते, देवाची जागा कोठे होती, ही म्हाताऱ्याची स्मृती कागदावर आली तरच तिला वजन आहे. ती कागदावर आणणारी शाळकरी नात असू शकते. त्या मान्यतापत्रावर पती-पत्नी दोघांची नावे संयुक्तपणे घालण्याची तरतूद त्याच अधिनियमात आहे. शकुंतलेला आणि अंजीला जे मिळाले नाही, म्हणजे रानाच्या ज्ञानावर स्वतःच्या नावाचा हक्क, त्याची शक्यता येथे प्रथमच उघडते.

या द्रव्यावर कादंबरी लिहिणाऱ्यापुढे दोन धोके आहेत. पहिला धोका म्हणजे आजोबाला ऋषी करण्याचा. कण्वाची छाया त्याच्यावर पडली की त्याचे पोट, त्याचा हट्ट आणि त्याची चूक नाहीशी होते. बनगरवाडीचा कारभारी जिवंत वाटतो तो संशयी आणि चुकणारा म्हातारा आहे म्हणून. दुसरा धोका भाषेचा. कोलामी वा गोंडी बोलणाऱ्या आजोबाचे कथन नात मराठीत, तेही दफ्तरी मराठीत, उतरवील तेव्हा त्यातील काही भाग गळून पडणारच. ते गळणे हा कथेचा दोष मानू नये. तोच तिचा गाभा होऊ शकतो. आपण लिहिले ते आजोबा म्हणाले त्याहून कमी आहे, असे ज्या क्षणी नातीला उमगेल, त्या क्षणी तिचे बाल्य संपेल. पाडसाच्या मृत्यूइतकाच तो क्षण कठोर आहे.

या विषयावर अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणून निसर्गवर्णनांची वर्गवारी करण्यात वेळ दवडू नये. प्रत्येक कृतीला तीन प्रश्न विचारावेत : वृद्धाजवळ देण्यासारखे काय होते, ते देण्याचे स्वातंत्र्य त्याला कोणी ठेवले होते, आणि घेणाऱ्याने परत काय केले. घेणारी जेव्हा मुलगी असेल तेव्हा चौथा प्रश्न जोडावा : कथा तिला रानात राहू देते की तिचा निरोपच सुंदर करून दाखविते? या कसोटीवर मान्य कृतींचे मूल्य काही ठिकाणी वाढेल, काही ठिकाणी घटेल. पुढे लिहिल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांनाही ती उपयोगी पडावी.