ओळखी म्हणजे भांडवल?

‘सामाजिक भांडवल’ हा शब्द आता फार सैलपणे वापरला जातो. बाईला धंदा वाढवायचाय ना, मग तिचं नेटवर्क वाढवा, असं आपण सहज म्हणून जातो. रॉबर्ट पटनम यांच्या ‘बोलिंग अलोन’ (2000) या पुस्तकानंतर ही भाषा सगळीकडे रुळली. तिच्यातली एक अडचण मला दाखवायची आहे. त्यासाठी आपण मुंबईच्या गिरणगावात जाऊ.

कोकणातून, घाटावरून एकटा आलेला गिरणी कामगार खानावळीत जेवायचा. ती चालवणाऱ्या बाईच्या ओळखी मोजा बरं. जेवायला येणारे गाववाले, चाळीतल्या शेजारणी, कोपऱ्यावरचा वाणी. ओळखींना तोटा नव्हता! पण कामगार पैसे देणार पगार झाल्यावर. तोवर धान्य उधारीवर, नाहीतर सावकाराकडून व्याजाने पैसे. म्हणजे ज्या नात्यांवर तिचा धंदा चालायचा, त्यांतच ती अडकलेली होती.

1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आता इथे नीट पाहा. या बायका एकमेकींना आधीही ओळखत होत्याच. मग नवं काय घडलं? त्या एकमेकींना जामीन राहिल्या आणि बँकेचं कर्ज मिळालं. पटनम याला दोन गटांना जोडणारा पूल म्हणतील. ठीक आहे. पण पूल म्हटलं की दोन्ही काठ सारखेच वाटतात. इथे बदललं ते बाईचं सौदा करण्याचं बळ. हातात रोख रक्कम असली की दुसऱ्या दुकानात जाता येतं. पिएर बुर्द्यू यांनी ‘सामाजिक भांडवल’ ही कल्पना वापरली ती विषमता कशी टिकून राहते हे सांगायला. आपण शब्द ठेवला आणि विषमता गाळली.

पुढे जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार थांबले, तशी खानावळींची वसुलीही थांबली. जामीन राहणारी आणि कर्ज घेणारी, दोघींचं गिऱ्हाईक एकच! एकमेकींवर कितीही विश्वास असला, तरी पैसे येणार कुठून?

म्हणून आजही एखाद्या बचत गटाची परतफेड उत्तम आहे असं कुणी सांगितलं, की मी विचारतो: जिला हप्ता जमला नाही, तिचा हप्ता कुणी भरला? शेजारणीने? की तिनेच दागिना मोडला? परतफेडीचा आकडा हे सांगत नाही. बाईच्या ओळखी किती, हे मोजणं सोपं आहे. त्या ओळखीतल्या माणसाला तिला ‘नाही’ म्हणता येतं का, हे तपासायला हवं.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ या.