कॅमिओ काचकला : व्हिक्टोरियन पुनरुज्जीवन

भिन्न रंगांच्या दोन वा अधिक थरांनी घडविलेल्या काचपात्रावरील वरचा थर कोरून काढून, खालच्या थराच्या पार्श्वभूमीवर उत्थित शिल्पाकृती साधण्याची कला म्हणजे कॅमिओ काचकला. गडद निळ्या काचेवर अपारदर्शक पांढऱ्या काचेतील आकृती हे तिचे सर्वपरिचित रूप होय. रोमन साम्राज्याच्या प्रारंभकाळात ती परिणत झाली व थोड्याच पिढ्यांत लोप पावली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्‍लंडमधील स्टरब्रिज परिसरातील कारागिरांनी तिचे पुनरुज्जीवन केले. व्हिक्टोरियन अलंकरणकलेचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा या पुनरुज्जीवनात एकत्र दिसतात.

कॅमिओ हा प्रकार मुळात रत्नशिल्पाचा. ऑनिक्स या थरयुक्त अकीकाचा फिकट थर कोरून गडद थरावर आकृती उमटविण्याची पद्धत ग्रीक-रोमन जगात रूढ होती. या व्यापाराशी दख्खनचाही संबंध होता. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी या ग्रंथात पैठणहून ऑनिक्स आणि तगरहून, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर येथून, कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरात नेले जात असल्याचा उल्लेख आहे. नैसर्गिक दगडाचा आकार आणि त्यातील थरांची जाडी कारागिराच्या हाती नसते. काचेच्या बाबतीत मात्र थरांचे रंग, त्यांची जाडी व पात्राचा आकार या सर्व गोष्टी ठरविता येतात. तेव्हा रोमन काचकारांनी रत्नाची केवळ स्वस्त नक्कल केली असे म्हणता येत नाही. दगडात अशक्य असलेले मोठे, पोकळ व वर्तुळाकार शिल्प त्यांनी काचेत शक्य केले.

या कलेचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे सु. २४ सेंमी. उंचीचा पोर्टलंड कलश. रोममधील बार्बेरीनी घराण्याच्या संग्रहातून तो सर विल्यम हॅमिल्टन यांच्याकडे व १७८४ मध्ये पोर्टलंडच्या डचेसकडे आला. जोसाया वेजवुड या कुंभकाराने त्याची जॅस्पर या मृत्तिकाप्रकारात प्रतिकृती करून १७९० च्या सुमारास ती प्रदर्शित केली. ती घडणीच्या दृष्टीने असामान्य होती. परंतु अपारदर्शक मातीत काचेचा प्राण असलेला प्रकाश येणे शक्य नव्हते. १८१० पासून हा कलश ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवण्यात आला. ७ फेब्रुवारी १८४५ रोजी एका प्रेक्षकाने तो फोडला व त्याचे दोनशेहून अधिक तुकडे झाले. ते जोडण्यात आले, तरी या घटनेने कलशाविषयीचे लोकांचे कुतूहल वाढले. त्याच वर्षी इंग्‍लंडमध्ये काचेवरील उत्पादनकर रद्द झाला आणि काचकारखान्यांना प्रयोगांची मोकळीक मिळाली. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनाने स्पर्धेला आणखी चालना दिली.

स्टरब्रिज परिसरात दगडी कोळसा व भट्टीस लागणारी उष्णतारोधक माती विपुल असल्याने सतराव्या शतकापासूनच तेथे काचधंदा रुजला होता. तेथील वर्ड्झली गावच्या जॉन नॉर्थवुडने (१८३६–१९०२) प्रथम एल्जिन कलशावर पार्थेनॉनच्या शिल्पपट्टातील घोडेस्वार स्वच्छ पारदर्शक काचेत कोरले; हे काम १८७३ मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर त्याचा नातलग व कारखानदार फिलिप पार्गेटर याच्या प्रेरणेने त्याने पोर्टलंड कलशाची काचेतील प्रतिकृती हाती घेतली. पार्गेटरच्या रेड हाऊस कारखान्यात दुथरी पात्र फुंकून तयार झाले आणि सुमारे तीन वर्षांच्या कोरणीनंतर १८७६ मध्ये प्रतिकृती पुरी झाली. काम चालू असताना पात्र तडकले. तरीही नॉर्थवुडने ते सोडले नाही.

तडकण्याचा हा धोका माध्यमातच अंतर्भूत आहे. तापल्यावर दोन्ही काचा सारख्या प्रमाणात प्रसरण पावल्या नाहीत, तर पात्र थंड होताना किंवा पुढे कोरताना थरांमधील ताणाने फुटते. म्हणून काचमिश्रणांचा मेळ आणि भट्टीतून निघालेले पात्र अत्यंत सावकाश थंड करणे, या दोन गोष्टींवर सर्व यश अवलंबून असते. कोरणीपूर्वी राखावयाच्या आकृतीवर अम्लरोधक लेप देऊन उरलेला पांढरा थर हायड्रोफ्ल्युओरिक अम्लाने झिजविला जातो. त्यानंतरचे सूक्ष्म काम नॉर्थवुड तीन कडांच्या टोकदार पोलादी सळईने हातानेच करीत असे. रोमन कारागिरांनी आपल्या पद्धतीचे वर्णन मागे ठेवलेले नव्हते. त्यामुळे त्याला ही विद्या तयार वस्तूकडे पाहून नव्याने शोधावी लागली. म्हणून त्याच्या प्रतिकृतीला अनुकरणाइतकेच संशोधनाचेही मोल आहे.

नॉर्थवुडचे खरे यश छायेच्या हाताळणीत आहे. पांढरा थर जाड असेल तेथे तो घट्ट व उजळ दिसतो. तो जसजसा पातळ होतो, तसतशी खालची निळाई त्यातून झिरपू लागते. वस्त्राची चुणी, मेघ किंवा पाणी यांच्या छटा रंगाने न भरता थराच्या जाडीनेच साधल्या जातात. मिल्टन कलश (१८७८) व पेगॅसस कलश (१८८२) या त्याच्या पुढील कृतींत हा गुण विशेष जाणवतो. मात्र विषय, शरीररचना आणि मांडणी यांसाठी तो अभिजात नमुन्यांच्या आश्रयालाच राहिला. १८७८ मध्ये जोसेफ लॉक (१८४६–१९३६) यानेही पोर्टलंड कलशाची प्रतिकृती सादर केली. पूर्वसूरींशी बरोबरी हेच या काळी कर्तृत्वाचे माप होते, हे त्यावरून दिसते.

नॉर्थवुडच्या हाताखाली शिकलेले टॉमस वुडॉल (१८४९–१९२६) व जॉर्ज वुडॉल (१८५०–१९२५) हे बंधू टॉमस वेब अँड सन्स या कारखान्यात गेले. तेथे त्यांच्या देखरेखीखाली सुमारे ७० कारागिरांचा चमू काम करी. अम्ल व तांब्याची फिरती चाके यांच्या साहाय्याने कामाचा वेग वाढला. जॉर्जच्या कोरणीतील सफाई अद्वितीय आहे : तलम वस्त्रातून दिसणारे शरीर आणि दूर सरत जाणाऱ्या स्तंभांच्या रांगा तो लीलया दाखवितो. तथापि येथेच कलेची दिशाही बदलते. पोर्टलंड कलशावर आकृतींभोवती मोकळी निळी जागा आहे आणि मुठींमुळे दोन दृश्ये स्वाभाविकपणे विभागली जातात. आकृती व पात्र यांचा तेथे समतोल आहे. जॉर्जच्या सपाट फलकांवर पात्र उरतच नाही, काच चित्राच्या फळ्याची जागा घेते. त्याच्या स्त्रिया तत्कालीन अकादमीय चित्रांतील भावुकता घेऊन येतात. कौशल्य वाढले, पण माध्यमाची स्वतःची भाषा मागे पडली.

मागणी वाढल्यावर केवळ अम्लाने झिजविलेला किंवा पांढऱ्या मिन्याने रंगविलेला स्वस्त माल बाजारात आला आणि हाताने महिनोन्‌महिने कोरलेल्या वस्तूला त्याच्याशी स्पर्धा करणे अशक्य झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी अभिरुचीही पालटली. फ्रान्समध्ये नान्सी येथील एमील गाले (१८४६–१९०४) याने चिनी बहुथरी काचेचा अभ्यास करून पांढऱ्या-निळ्याचा अभिजात संकेत सोडला आणि अनेक रंगांच्या थरांतून फुले, पाने व कीटक साकारले. स्टरब्रिजच्या कारागिरांचा हात बहुधा अधिक अचूक होता. पण थरांच्या काचेतून आपल्या काळाचे काही सांगता येते, हे गालेने ओळखले.

या पुनरुज्जीवनाचे मूल्यमापन केवळ अनुकरण म्हणून करणे अन्यायाचे ठरेल. लुप्त विद्या ग्रंथांतून नव्हे, तर वस्तू व हात यांच्या संवादातून परत मिळविता येते, हे त्याने सिद्ध केले. परंतु परत मिळालेली विद्या टिकविण्यास नवे प्रयोजन लागते. ते न मिळाल्याने गुरूकडून शिष्याकडे आलेले हे कौशल्य दोनतीन पिढ्यांतच पुन्हा ओसरले. २०१२ मध्ये स्टरब्रिज परिसरातील कारागिरांनी पोर्टलंड कलशाची नवी प्रतिकृती केली, तेव्हा त्यांनाही थरांचा मेळ, तडे आणि कोरणी या जुन्याच प्रश्नांना नव्याने सामोरे जावे लागले. पैठणच्या ऑनिक्सपासून रोमन काचेपर्यंतचा प्रवास एका माध्यमाने दुसऱ्याची उणीव भरून काढण्याचा होता. व्हिक्टोरियन कॅमिओने तो कळस पुन्हा गाठला. त्यापलीकडे जाण्याचे काम मात्र तिने बव्हंशी इतरांसाठी सोडले.