उष्णतेने ढळणाऱ्या प्रथिनाची साक्ष

विषाणूच्या एखाद्या प्रथिनाचे कार्य कोणते, या प्रश्नाकडे जाण्याचे दोन मार्ग आहेत. एक रसायनशास्त्राचा: प्रथिन पेशीतून वेगळे काढावयाचे आणि ते कशास चिकटते, काय घडविते, हे पाहावयाचे. दुसरा आनुवंशिकीचा: त्या प्रथिनाचे जनुक बिघडलेला विषाणू शोधावयाचा आणि त्याचे कोठे अडते ते पाहावयाचे. पहिल्या मार्गाने प्रथिनाचा गुण कळतो, परंतु त्या गुणाची विषाणूस गरज आहे की नाही, हे कळत नाही. दुसऱ्याने गरज कळते, गुण अंधारातच राहतो. १९७५ साली व्हान डर व्लीट, लेव्हाइन, एन्सिंगर आणि गिन्सबर्ग यांनी ॲडिनोव्हायरस ५ वर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात हे दोन्ही मार्ग एकत्र आले. निबंधाची योग्यता वादातीत आहे. मात्र त्या सुमारास या विषयात जी अनुमाने रूढ झाली ती सर्व सारख्या बळाची नव्हती, आणि त्यांतील एक तर पुढे जवळजवळ उलटेच ठरले. म्हणून त्यांचे परीक्षण आजही निरर्थक ठरू नये.

जे जनुक विषाणूस अपरिहार्य आहे ते पार नष्ट केले तर अभ्यासास विषाणूच उरत नाही. ही अडचण तापसंवेदी उत्परिवर्तींनी दूर केली. अशा विषाणूचे प्रथिन कमी तापमानास काम देते, आणि थोडे अधिक ऊन लागताच त्याची घडी विसकटते. जिवाणुभक्षक टी४ च्या बाबतीत एपस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये अशा सशर्त घातक उत्परिवर्तींचा मोठाच संग्रह विद्वानांपुढे ठेवला. त्यातील ३२ व्या जनुकाचे प्रथिन एकपदरी डीएनएला सहकार्याने बिलगते, म्हणजे एक रेणू बसला की शेजारी दुसरा सहज बसतो, हे अल्बर्ट्‌स आणि फ्राय यांनी १९७० साली दाखविले. सस्तन पेशींतील विषाणूंतही असेच प्रथिन असावे, ही अपेक्षा तेथून उत्पन्न झाली.

अपेक्षा फळासही लवकर आली. १९७२ मध्ये एन्सिंगर आणि गिन्सबर्ग यांनी ॲडिनोव्हायरस ५ चे तापसंवेदी उत्परिवर्ती वेचून काढले. १९७३ मध्ये व्हान डर व्लीट आणि लेव्हाइन यांना संसर्गित पेशींत डीएनएला चिकटणारी, सुमारे ७२,००० आणि ४८,००० रेणुभाराची प्रथिने आढळली. आता टीएस१२५ नावाचा उत्परिवर्ती ३२ अंश सेल्सिअसला वाढत होता, परंतु ३९.५ अंशांच्या आसपास त्याचे डीएनए द्विगुणन थांबत होते. तेवढ्या तापमानास ही प्रथिनेही पेशीत फारच थोडी सापडत. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे लेखकांनी ओळखले असावे. द्विगुणन थांबले म्हणून प्रथिन कमी झाले, की प्रथिन बिघडले म्हणून द्विगुणन थांबले, हा कार्यकारणाचा गुंता तसाच राहतो. निबंधाचे खरे बळ पुढील प्रयोगात आहे. कमी तापमानास वाढविलेल्या पेशींतून उत्परिवर्तीचे प्रथिन काढून ते डीएनएयुक्त सेल्युलोजवर बसविण्यात आले व मग उष्णता वाढविण्यात आली. उत्परिवर्तीचे प्रथिन सुटून आले. मूळ विषाणूचे चिकटूनच राहिले. दोष प्रथिनाच्या अंगचाच आहे, याची याहून सरळ साक्ष त्या काळी मिळणे कठीण होते. पुढे जनुकाचा क्रम वाचण्यात आला तेव्हा ५२९ अमिनो आम्लांच्या या प्रथिनात ४१३ व्या स्थानी प्रोलीनऐवजी सेरीन आल्याचे आढळले आणि उरलीसुरली शंकाही मिटली.

तथापि ‘प्रथिन आवश्यक आहे’ आणि ‘प्रथिन अमुक टप्प्यावर आवश्यक आहे’ ही दोन विधाने एक नव्हेत. १९७५ मध्येच व्हान डर व्लीट आणि सुसेनबाख यांनी चालू द्विगुणनाच्या मध्येच तापमान चढवून पाहिले. सुरू झालेले धागे पुरे होत होते, नवे सुरू होत नव्हते. त्यावरून हे प्रथिन आरंभास लागते, असा निष्कर्ष निघाला. निष्कर्ष स्वाभाविक असला तरी त्यात एक छिद्र होते. डीएनएवर आधीच दाटीने बसलेले प्रथिन उष्णतेपुढे अधिक टिकाव धरू शकते. तेव्हा धागा पुरा झाला, याचा अर्थ त्यास प्रथिन लागले नाही, असा होत नाही. व्हान डर व्लीट यांनीच १९७७ साली सहकाऱ्यांसह विस्तारातही या प्रथिनाचा वाटा असल्याचा पुरावा मांडला, ही गोष्ट त्यांच्या प्रामाणिकपणास शोभेशीच आहे. १९७९ मध्ये चॅलबर्ग आणि केली यांनी पेशीबाहेर द्विगुणन घडविण्याची रीत सिद्ध केली. त्या रीतीने १९८२-८३ च्या सुमारास स्पष्ट झाले की, अंत्य प्रथिनास पहिला न्यूक्लिओटाइड जोडण्याची क्रिया या बंधक प्रथिनावाचूनही घडते. धाग्याचा विस्तार मात्र त्यावाचून होत नाही. आरंभास त्याचे साहाय्य होते, पण ते साहाय्यच.

असे का, हे विषाणूच्या रीतीकडे पाहिले की उमगते. सुमारे ३६,००० जोड्यांचा हा डीएनए सरळ आहे आणि त्याचे द्विगुणन टोकापासून सुरू होते. नवा धागा पुढे सरकत जातो तसा जुन्यांपैकी एक धागा उसवून मोकळा पडतो. तो एकपदरी धागा झाकणे हेच बंधक प्रथिनाचे मुख्य काम होय. १९९४ साली त्याच्या शेवटच्या भागाची स्फटिकरचना उलगडली, तेव्हा एका रेणूचा लांबट हात शेजारच्या रेणूत अडकून साखळी बनते असे दिसले. आरंभबिंदू एकच, विस्ताराचा मार्ग हजारो जोड्यांचा. साखळीची गरज कोठे अधिक, हे सांगणे नको.

आणखी एक मर्यादा आहे, आणि ती टीएस१२५ च्या सर्वच अभ्यासांना लागू पडते. उत्परिवर्ती बोलतो तो आपल्या जखमेपुरताच. कार्टर आणि ब्लँटन यांनी १९७८ मध्ये याच विषाणूच्या आधारे आरंभीच्या जनुकांच्या नियमनातही या प्रथिनाचा हात असावा असे सुचविले, ते ठीकच होते. तो गुणही त्याच जखमेने दुखावलेला होता. परंतु १९७९ मध्ये क्लेसिग आणि ग्रॉड्झिकर यांनी माकडाच्या पेशींत मानवी ॲडिनोव्हायरसची उत्तरकालीन जनुके व्यक्त होऊ देणारे उत्परिवर्तन याच जनुकात शोधले. ते प्रथिनाच्या आरंभीच्या भागात पडते, टीएस१२५ चा दोष शेवटच्या भागात. माकडाच्या पेशींत विषाणूचे डीएनए द्विगुणन मुळातच अडलेले नव्हते, म्हणून द्विगुणन थांबवून उत्तर शोधणाऱ्या कोणत्याही प्रयोगास हा आरंभीचा भाग दिसलाच नसता.