राजाचा धर्म आणि बोल्ट यांचा 'सामान्य माणूस'

रॉबर्ट बोल्ट यांचे 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स' हे नाटक १९६० साली लंडनच्या रंगभूमीवर आले. सत्तेपुढे न वाकणाऱ्या सदसद्विवेकबुद्धीचे नाटक म्हणून त्याचा गौरव झाला. मला हा गौरव अर्धाच मान्य आहे.

आठव्या हेन्रीला कॅथरीन राणीशी झालेला विवाह रद्द करून हवा होता. कॅथरीनचा भाचा सम्राट चार्ल्स याच्या सैन्याने १५२७ साली रोम लुटले होते. त्याच्या दडपणाखालील पोप मान्यता देईना. तेव्हा १५३४ साली कायदा करून राजाच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला. याच राजाने १५२१ साली ल्यूथरविरुद्ध ग्रंथ लिहून पोपकडून 'धर्मरक्षक' ही पदवी मिळवली होती. धर्मांतराचे मूळ वारसाच्या चिंतेत होते. पुढे १५३६ ते १५४० या काळात मठ बंद झाले. त्यांच्या जमिनी राजाकडे आणि त्याच्याकडून सरदार-धनिकांकडे गेल्या. थॉमस मोअर यांनी शपथ नाकारली आणि जुलै १५३५ मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला.

हे राजकारण बोल्ट यांना नेमके उमगले आहे. माझा आक्षेप त्यांच्या 'सामान्य माणूस' या पात्राला आहे. हा माणूस पेटाऱ्यातून कपडे काढतो आणि नोकर, नावाडी, तुरुंगाधिकारी, ज्यूरीचा प्रमुख, अखेरीस जल्लाद होतो. नाणी घेतो, तोंड मिटून राहतो आणि जगतो. 'सामान्य' म्हणजे हलका नव्हे, सर्वांमध्ये समान असलेला, असा खुलासा बोल्ट यांनी प्रस्तावनेत केला आहे. परंतु रंगमंचावर दिसते ते हेच की विवेक विद्वान चॅन्सेलरपाशी आणि जिवाची भीती तेवढी नोकरापाशी! ही वाटणी कोणी केली?

इतिहास वेगळे सांगतो. १५३८ साली प्रत्येक चर्चमध्ये इंग्रजी बायबल ठेवण्याचा हुकूम निघाला. १५४३ च्या कायद्याने कारागीर, उमेदवार, नोकर, शेतमजूर आणि सामान्य घरच्या स्त्रिया यांना ते वाचण्यास बंदी घातली. सरदार मात्र वाचू शकत होता. अक्षर कोणी द्यायचे आणि कोणी काढून घ्यायचे, याचा अर्थ या पानांच्या वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको.

हेन्रीनंतर एडवर्डच्या राज्यात प्रॉटेस्टंट प्रार्थना आल्या. १५५३ साली मेरी गादीवर आली आणि देश पुन्हा कॅथलिक झाला. १५५९ साली एलिझाबेथने तो पुन्हा फिरवला. मेरीच्या राज्यात सुमारे २८० माणसे जाळली गेली. त्यांत बिशप होते, पण बहुसंख्य विणकर, मजूर, कारागीर अशीच माणसे होती. डर्बी गावची जोन वेस्ट ही न्हाव्याची जन्मांध मुलगी. मोजे विणून साठवलेल्या पैशांतून तिने 'नवा करार' विकत घेतला. ती तो दुसऱ्यांकडून वाचून घेई, प्रसंगी वाचणाऱ्याला पेनी देई. जॉन फॉक्स यांच्या ग्रंथात तिची ही हकीकत आहे. १५५६ साली, बाविसाव्या वर्षी, तिला जाळण्यात आले. बोल्ट यांच्या पेटाऱ्यात हिच्या मापाचा पोशाख नाही.

आणि खुद्द मोअर? ते १५२९ ते १५३२ चॅन्सेलर असताना सहा जणांना पाखंडी ठरवून जाळण्यात आले. त्यांत जॉन ट्यूक्सबरी हा चामड्याचा व्यापारी होता. त्यालाही विवेक होता. नाटकात त्याला जागा मिळाली नाही.

१९६६ साली या नाटकाचा चित्रपट झाला, पटकथा बोल्ट यांचीच. तीत 'सामान्य माणूस' हे पात्रच गाळले गेले. आधी भित्रा ठरवला, मग वगळला.

मोअर यांचे धैर्य मी नाकारत नाही. परंतु त्यांना निदान प्रश्न विचारला गेला, उत्तराची नोंद झाली, पुढे नाटकही झाले. पंचवीस वर्षांत चार वेळा ज्यांचा धर्म राजवाड्याने बदलला, त्यांना कोणी काही विचारले नाही. तरीही त्यांच्यातील काहींनी आगीत उभे राहून उत्तर दिले. ते ऐकू न येणारे नाटक कितीही देखणे असो, मी त्याला विवेकाचे नाटक म्हणणार नाही.